डोक्याखाली काहीतरी

सिस्टरने शेतात कीटकनाशक फवारणाऱ्या मजुराची पापणी वर केली आणि बॅटरीचा झोत टाकला. सकाळी इंजेक्शनने मोकळी झालेली बाहुली, विष चढल्यासारखी, पुन्हा टाचणीच्या डोक्याएवढी झाली होती. तोंडातून लाळ गळत होती.

डॉक्टरांनी इंजेक्शनचा डोस वाढवला. "मुकादम म्हणत होता तेच खरं. फवारताना काही झालेलं नाही, हा फवारणीचं औषध प्यायलाय. आणि आता लपूनछपून पुन्हा घेतोय."

"नाही हो साहेब!" त्याच्या बायकोने खाटेचा दांडा घट्ट धरला. "पंप गळत होता. पाठ चिंब व्हायची. दुसरा मागितला तर मुकादम म्हणाला, चालतोय तोवर चालव."

गळका पंप गळ्यात मारायचा आणि वर बोंबही यांनीच मारायची! सिस्टरचं डोकं तापलं. पण माणूस हातातून निसटत होता, आणि राग निघाला तो बायकोवर.

"खरं सांग, काय पाजलंस त्याला?"

"पाणी. तेही तुमच्याच नळाचं."

सिस्टरने बाटली हुंगली, पिशवी झटकली, गादी उचलून पाहिली. काहीच नाही. शेवटी घाम पुसायला तिने त्याची मान उचलली आणि फवारणीच्या औषधाचा उग्र वास भसकन नाकात शिरला. डोक्याखाली नीट घडी घातलेला सदरा होता, अजून ओलसर. भरतीच्या वेळी तिनेच तो त्याच्या अंगावरून उतरवून बायकोच्या हातात दिला होता.

"हा इथे कुणी ठेवला?"

बायको गांगरली. "मी. मान लटकत होती त्यांची. उशी मागितली, तर तुम्हीच म्हणालात ना, उशा नाहीत, डोक्याखाली काहीतरी घे."

उशांसाठी सिस्टरनेच कार्यालयाचे उंबरे झिजवले होते. मग कधीतरी तिलाही ते वाक्य तोंडपाठ झालं होतं.

तिने हातमोजे चढवले, सदरा पिशवीत बांधून टाकला, त्याचे केस आणि मान साबणाने खसाखसा धुतली. मग तरातरा डॉक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत गेली आणि उशी काखेत मारून आली.

"अहो सिस्टर, ती माझी आहे!"

"असू दे. तो औषध प्यायला असं केसपेपरवर लिहिलंय ना तुम्ही, ते आधी खोडा."

उशी त्याच्या मानेखाली सरकवून ती वळली, तर बायको भिंतीला टेकून उभी होती.

"ताई, माझ्यामुळे झालं का हो?"

"नाही. आमच्यामुळे." सिस्टरने नळ सोडला. "सदऱ्याची घडी तूच घातलीस ना? ये, हात दे इकडे."