गाढवावरची जबानी

आदिनाथ नेमकं काय काम करतो, हे बीडमधल्या त्याच्या गल्लीत कुणालाच कळलेलं नव्हतं. माणूस दिवसभर दार लावून, कानाला यंत्र लावून हळू आवाजात बोलतो, म्हणजे कॉल सेंटर, असं शेजाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. खरी गोष्ट वेगळी होती. दूरदेशी लढाया व्हायच्या, तिथं शिपाई माणसांना घरातून उचलून न्यायचे, हालहाल करायचे, आणि मागं राहिलेल्यांच्या जबान्या आदिनाथ एका परदेशी मानवाधिकार संस्थेसाठी नोंदवून घ्यायचा. किती जण आले? अंगावर काय होतं? कुठल्या दिशेनं गेले? हे प्रश्न त्याच्या इतके अंगवळणी पडले होते, की घरी दूध उतू गेलं तरी तो बायकोला विचारायचा, "त्या वेळी ओट्याजवळ कोणकोण हजर होतं?"

"मी, दूध आणि माझं नशीब," राजनंदिनी म्हणायची.

तर अशा या जाणत्या माणसाला जगात एकाच गोष्टीची भीती होती. ती म्हणजे गाढव.

त्याची सासुरवाडी बोरदरा, पाटोद्याच्या पुढं डोंगराच्या कुशीत. या गावात धुळवडीला गावचा एक जावई पकडून गाढवावर बसवतात, गळ्यात चपलांचा हार घालतात आणि वाजतगाजत गावभर फिरवतात. शेवटी मारुतीच्या पारावर त्याला नवा पोशाख देतात, पुरणपोळी खाऊ घालतात आणि मानानं घरी पोचवतात. सगळ्या जातीधर्माचे जावई यातून गेलेत, कुणी म्हणून सुटलेलं नाही. फक्त आदिनाथ लग्नापासून दर साली काही ना काही काम काढून बीडलाच बसायचा. गावच्या पोरांनी हा अपमान मनावर घेतला होता. सरपंच अमरसिंह तर राजनंदिनीचा चुलतभाऊ, त्याला वाटायचं, आपल्याच घरचा जावई कोरडा राहतो म्हणजे आपलं सरपंचपद फुकट.

यंदा मात्र आदिनाथ सापडला. राजनंदिनी बाळंतपणाला माहेरी आलेली, पोरीचं बारसं होळीच्या दिवशीच ठेवलेलं. बारसं उरकून संध्याकाळच्या एसटीनं सटकायचा त्याचा बेत होता, पण फाट्यावर पोरं आधीच खाट टाकून बसली होती. "दाजी, कुठं निघालाव? उद्या धुळवड हाय की!" आदिनाथ गुमान माघारी वळला.

नुसत्या गाढवाचं असतं तर यंदा त्यानं डोळे मिटून सोसलंही असतं. पण धुळवडीच्या सकाळीच त्याला एक जबानी घ्यायची होती, आणि ती चुकली तर पुन्हा मिळणार नव्हती.

त्या बाईंचं नाव आणि देश सांगता येणार नाही, साक्षीदाराचं नाव फोडायचं नसतं. आपण त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणू, कारण लुबना तसंच म्हणायची. लुबना म्हणजे आदिनाथची दुभाषी, बीडचे फळवाले इलियासभाई यांची मुलगी. हैदराबादेत अरबी शिकून आली होती आणि आपल्या घरूनच फोनवर भाषांतर करायची. खालांच्या मुलाला शिपायांनी लपलेल्या जागेतून ओढून नेलं होतं. तो परत आला नाही. ते पाहिलेल्यांपैकी एकट्या खालाच उरल्या होत्या. दोन वेळा त्या फोनवर आल्या, नाव-गाव सांगितलं, आणि "ते घरात आले" इथपर्यंत येऊन गप्प झाल्या. फोन ठेवून दिला. आता त्यांची निर्वासितांची छावणी दुसरीकडं हलणार होती, मग फोन लागेल न लागेल. "एकदाच बोलेन, नंतर मला विचारू नका," असा त्यांचा निरोप होता. जबानी नसेल तर मुलाचं प्रकरण बंद. हे आदिनाथला इतकं लागलं होतं, की बारशाच्या घुगऱ्याही त्याच्या घशाखाली उतरल्या नव्हत्या.

संस्थेचा नियम होता, की प्रत्येक मुलाखतीआधी धोक्यांचा आढावा पाठवायचा. आदिनाथनं प्रामाणिकपणे लिहिलं, "धोका: गाढव." मुख्यालयातून तातडीनं विचारणा आली, हे गाढव कुठल्या सशस्त्र गटाचं आहे? आदिनाथनं कळवलं, "सासुरवाडीचं." त्यावर त्यांनी सांभाळून राहायला सांगितलं.

लपायची जागा सासऱ्यांनी, राधाकिशनरावांनी दिली. गावकुसाबाहेर त्यांचा गोठा, गोठ्यावर कडब्याचा माळा. तिथं शांतता होती आणि नेटवर्कही गावातल्यापेक्षा तिथं बरं यायचं. आदिनाथ उजाडताच शिडीनं वर चढला, कडब्याच्या पेंढ्या रचून त्यानं भिंत केली आणि मधे मांडी घालून बसला. पळून लपलेल्या माणसांच्या एवढ्या जबान्या घेतलेला माणूस, त्यानं काहीच कच्चं ठेवलं नाही. शिडी वर ओढायचं तेवढं विसरला.

फोन लागला. खालांच्या बाजूचं चित्र सुरक्षेसाठी बंद, त्यांना मात्र आदिनाथ दिसत होता.

"सर, त्या विचारताहेत, तुम्ही गवतात का बसलात?" लुबनानं विचारलं.

"शांत जागा आहे म्हणावं."

थोड्या इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग खाला बोलू लागल्या, आणि लुबनाचा आवाज त्यांच्यामागून हळूहळू येऊ लागला. "ते घरात आले. मी दारात होते." याच्या पुढं त्या कधी गेल्या नव्हत्या.

आणि तेवढ्यात तुळजाबाई निघाल्या.

आदिनाथच्या सासूबाई. जावई माळ्यावर आहे हे त्यांना सांगायलाच नको होतं. पण जावई घरात असताना बिनचहाचा बसला, हे त्या माउलीला सहन होईना. राधाकिशनरावांनी बजावलं होतं, गोठ्याकडं फिरकू नको. म्हणून त्या वाटेनं न जाता ज्वारीच्या रानातून गेल्या, चहाची कपबशी आणि गरम पुरणपोळी टोपलीत झाकून, शेणाची पाटी नेत असल्यासारखं दाखवत. वेशीवरून अमरसिंहानं त्यांना पाहिलं, पण चुलती गोठ्याकडं निघालीय यात नवल काय? तो मान वळवणारच होता. पण तुळजाबाई शिडीपाशी थांबल्या आणि त्यांनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला.

बोरदऱ्यात सासू असा पदर एकाच माणसापुढं घेते, जावयापुढं. म्हशीपुढं कुणी घेत नाही.

"आरं घावला रं घावला! काकूनं पदर घेतलाय! गाढव आणा!"

पुढचं फार पटापट झालं. हलगी वाजली, पोरं माळ्यावर चढली, कडब्याची भिंत कोसळली, आणि आदिनाथच्या कानातलं यंत्र तुटून पडलं. आता फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता आणि सगळ्यांचा आवाज फोनला.

"अमरसिंह, हात जोडतो, फक्त तासभर! लई महत्त्वाचं काम हाय!"

"दाजी, दर सालीच तुमचं काम हाय. उचला रे!"

फोनमधून खालांची किंकाळी आली. लुबनाचा नियम असा, की कानावर पडेल ते सगळं भाषांतर करायचं, पदरचं घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही. ती बिचारी हलगीच्या तालावर ओरडत होती, "सर, मी त्यांना 'उचला रे' सांगितलं! 'गाढव आणा' पण सांगितलं! त्या रडताहेत! म्हणतात, फोन सोडू नको बेटा!"

आदिनाथनं फोन सोडला नाही. खांद्यावरून नेताना, गाढवावर चढवताना, तोंडाला लाल-हिरवा रंग फासताना, चपलांचा हार गळ्यात पडतानाही तो त्यानं छातीशी घट्ट धरून ठेवला. मनात एकच होतं, गेली. बाई गेली, जबानी गेली, पोराचं नाव गेलं. त्याला खरंच रडू फुटलं, पण रंगात ते कुणाला दिसलं नाही.

पण खालांनी फोन ठेवला नव्हता.

"सर," लुबना म्हणाली, "त्या विचारताहेत, किती जण आहेत?"

आदिनाथनं गाढवावरूनच मागं वळून पाहिलं. "सगळं गाव."

"ओळखीचे आहेत? नावं मोठ्यानं घ्या म्हणतात. त्या लक्षात ठेवतील."

"अमरसिंह. माझा मेव्हणा."

"त्याच्या हातात हत्यार आहे?"

"पिचकारी."

लुबनानं ते इमानानं सांगितलं. मग लुबनानं पहिल्यांदाच नियम मोडला आणि खालांना बोरदऱ्याची सगळी रीत पदरची भर घालून समजावली. मग त्यांनी विचारलं, "आणि नंतर?"

"नंतर जेवू घालतात. नवे कपडे देतात. घरी सोडतात," आदिनाथ म्हणाला.

"घरी सोडतात?"

"हो."

"मी बघते," खाला म्हणाल्या. "तू घरी पोचेपर्यंत फोन ठेवणार नाही."

आणि त्यांनी ठेवला नाही. आदिनाथनं फोन बाहेर तोंड करून छातीवर धरला. वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत सगळी मिरवणूक त्यांनी पाहिली. मधे गाढव अडून बसलं तेव्हा त्यांनी आपल्या गावाकडं गाढवाला काय म्हणून हाकतात ते सांगितलं. लुबनानं ते ओरडून दाखवलं, अमरसिंहानं तसंच ओरडून पाहिलं आणि गाढव खरोखर चाललं. खाला हसल्या. अगदी छोटं, खोकल्यासारखं हसू, पण आदिनाथनं ते ऐकलं.

नवा पोशाख खांद्यावर टाकून, हार तसाच गळ्यात ठेवून आदिनाथ दारात पोचला. राजनंदिनीनं बाळाला एका हातानं छातीशी धरून त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. कोपऱ्यात तुळजाबाई डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. "माझ्यामुळंच घावले जावईबापू. चहा न्यायला न्हाई पायजे हुता. मीच दावली वाट."

लुबनाच्या कानावर हे पडलं, आणि तिनं ते पुढं सांगितलं.

फोन कटला की काय, म्हणून आदिनाथनं दोनदा पाहिलं. मग खालांचा आवाज आला आणि मागून लुबनाचा, पण या वेळी अडखळत.

"त्या विचारताहेत, तुमच्या सासूबाई चहा घेऊन गेल्या होत्या का?"

"हो."

"म्हणतात... घरात त्यांना तो सापडला नाही. तो लपला होता तिथं मी भाकरी घेऊन गेले होते. तो दोन दिवस उपाशी होता. ते माझ्या मागून आले."

आदिनाथनं हातानं खूण केली तशी अमरसिंहानं गुपचूप सगळ्यांना अंगणाबाहेर काढलं आणि स्वतःही गेला. खाला म्हणाल्या, त्या बाईला राहू दे. आदिनाथनं तुळजाबाईंना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्या उठून फोनजवळ आल्या, काळ्या पडद्यापुढं बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, ल्योक उपाशी हाय म्हणल्यावर कंच्या आईनं न्हाई नेली? तुमचं काय चुकलं?"

लुबनानं ते सांगितलं. खाला कितीतरी वेळ रडत राहिल्या, आणि तुळजाबाई फोनकडं बघून मान हलवत राहिल्या.

मग खालांनी नाक ओढलं. "लिही बेटा," त्या म्हणाल्या. "आता मी सगळं सांगते. किती जण आले, ते आधी विचार."

आदिनाथनं हिरव्या हातात पेन घेतलं आणि विचारलं.