चक्रापुढची जाळी

वर्धा नदीची चाल आपल्याला पाठ आहे, याचा मुकेशला भारी तोरा होता. नालवाडीतलं भाड्याचं घर सोडून तो आणि त्याची बायको छाया पुलगावच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या शेतात राहायला आले, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं. विजेची तार शेतापर्यंत येत नव्हती. नदी इथे म्हशीसारखी सुस्त, असल्या पाण्यावर कुठे वीज होते? पण या पठ्ठ्याने प्लास्टिकच्या दोन ड्रमांवर रुंद पात्यांचं चक्र तरंगत ठेवलं, पट्ट्याने त्याला डायनॅमो जोडला, आणि बॅटरी भरू लागली. घरात दिवे लागले, पंखा फिरला. त्या दिवसापासून मुकेशचे पाय काही जमिनीवर नव्हते.

त्रास एकच. वरून वाहत येणारं सगळं पात्यांत अडकायचं. जलपर्णी, पिशव्या, देवाचे हार. म्हणून त्याने चक्रापुढे जाळी लावली. रोज सकाळी आकड्याने जाळीतला कचरा ओढायचा आणि घरामागच्या खताच्या खड्ड्यात टाकायचा. परवा जलपर्णीच्या गुंत्यात लाल फडक्याचं एक गाठोडं आलं. हाताला नारळ लागला. कुणीतरी नदीची ओटी भरली असेल, असं समजून त्याने तेही खड्ड्यात भिरकावलं आणि वरून शेण टाकलं. गाठ सोडून बघायची तसदी घेतली नाही. चक्र थांबलं होतं ना, त्याची घाई!

आज दुपारी वरच्या गावचे बापूजी फोन चार्ज करायला आले. गावातली लाइट सकाळपासून गेली होती. बापूजी भाजीपाला पिकवणारे. मुकेशच्या शेतात वांग्याची पहिली रोपं लावून दिली ती त्यांच्या बायकोने, रुख्माबाईने.

"रुख्मा गेली ना, मुकेशभाऊ. तुमाले निरोप नाई भेटला काय?"

कुठून भेटणार? आठवडाभर मुकेश गावात फिरकलाच नव्हता. चक्राचा पट्टा सरकत होता, तो नीट करत बसला होता.

"जनमभर पुलगावच्या बाजारापुढं गेली नाई बिचारी. समुद्र पाहीन म्हने. म्या आज नेतो, उद्या नेतो, करत राह्यलो." बापूजी नदीकडे बघत होते. "परवा अस्थी लाल फडक्यात बांधल्या, संगं नारळ देल्ला, अन् सोडून देल्ल्या. म्हटलं, जाय आता. वर्धा जाते गोदावरीले, गोदावरी समुद्राले. कुठवर गेली असन हो? तुमाले पाण्याचा हिशेब समजते."

मुकेशची नजर घरामागच्या खड्ड्याकडे गेली.

"वेणा नदी येऊन मिळते ना, तिथवर," तो कसाबसा म्हणाला.

बापूजींनी नदीला हात जोडले. केवढा हलका झाला त्यांचा चेहरा! मुकेशला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पाणी आणतो म्हणून तो घरामागे गेला आणि हातांनीच खड्डा उपसू लागला. गाठोडं सापडलं. गाठ तशीच होती. छाया मागून आली, तिला त्याने दोन शब्दांत सांगितलं.

"त्यांले काऊन सांगता आता?" ती कुजबुजली. "गुपचूप खालच्या अंगाले सोडून द्या. काय मालूम पडते?"

खरंच, काय कळणार होतं? मुकेश पाण्यापर्यंत गेलाही. वाकला. पण बापूजी उद्या पुन्हा विचारणार, आणि तो पुन्हा पुढचं गाव सांगणार. एका माणसाची बायको शेणात पुरायची आणि वर त्यालाच तिच्या प्रवासाच्या गोष्टी सांगायच्या! इतकं निर्ढावलेपण त्याच्यात नव्हतं. त्याने गाठोडं धुतलं आणि बापूजींसमोर नेऊन धरलं.

"माह्या जाळीत अडकलं होतं. म्या खताच्या खड्ड्यात टाकलं, पाह्यलं बी नाई. लय मोठी चूक झाली, बापूजी."

बापूजींनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं. ते ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ते नुसते ओल्या फडक्यावरून हात फिरवत राहिले. मग उठले आणि चक्राच्या खालच्या अंगाला निघाले. मुकेश मागे निघाला, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"दोन रात्री तिथंच होती?"

"हो."

"अंधारात?" बापूजींनी गाठोडं छातीशी धरलं. "तिले अंधाराचं लय भेव वाटे, मुकेशभाऊ. म्या कधी एकटं नाई झोपू देल्लं तिले."