दादाचा शब्द

या, जरा जवळ सरकून बसा मायबाप हो, दोन भावांची आणि एका शब्दाची गोष्ट सांगतो.

थोरल्यानं शिंप्यांसाठी एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. मापं टाकली की कापड बेतायचा नमुना छापून मिळायचा. विकताना तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "नवी आवृत्ती आयुष्यभर फुकट!" पुढे तो मोठ्या कंपनीत निघून गेला आणि धंदा धाकट्याच्या गळ्यात पडला. गिऱ्हाइकं मात्र अजून दादालाच विचारायची. धाकट्याचा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी त्यानं ठरवलं, फुकट बंद. दादा एकदाचा खोटा पडू दे!

पहिला फोन एका शिवणकामवाल्या मावशींचा आला. "नव्या कॉम्प्युटरवर जुनं चालेना रे. शाळेचे गणवेश अडलेत. दादाला दे बघू."

"दादा इथे नसतो, मावशी. मी धाकटा. आता पैसे पडतील."

"अरे, पण दादानं शब्द दिलाय!"

"दिला असेल. खोटा निघाला म्हणायचं."

"तो कसा खोटा? मोडतोयस तू!"

धाकट्यानं कपाळाला हात लावला. म्हणजे शब्द मोडला तरी दादाच खरा, आणि खोटा आपण! त्यानं मुकाट्यानं नवी आवृत्ती पाठवली, फोनवर थांबून चालूही करून दिली.

"चाललं बाई! देव दादाचं भलं करो," मावशी म्हणाल्या.

धाकट्याच्या पोटात पुन्हा दुखलं. तरी त्यानं पुढच्या प्रत्येकाला नवी आवृत्ती फुकटच दिली.

म्हणून देवापुढे हात जोडाल, तेव्हा या जळक्या धाकट्याची आठवण ठेवा. दादाची काढायला बाकी सगळे आहेतच.