पाचवा हात

"म्हातारा बाहेर का उभा आहे?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"त्याची बायको आत गेलीये ना मंदिरात. तो मानत नाही," नचिकेत म्हणाला. "बघा तर पापा, चुपचाप."

चेन्नईत नोकरी करणारा मुलगा रजेवर इंदूरला आला होता आणि रविवारच्या दुपारी वडिलांना तमिळ सिनेमा दाखवत होता. मधूनमधून संवादांचा अर्थ सांगत होता. सिनेमा नास्तिकाचा, पापाही नास्तिक, तेव्हा आवडेलच, असा त्याचा सरळ हिशेब. पडद्यावरचा म्हातारा भर उन्हात देवळाबाहेर उभा होता आणि त्याच्या हातात बायकोच्या चपला होत्या. रोज तो तिला तिथवर आणायचा, चपला सांभाळायचा, परत न्यायचा. आत मात्र कधी पाऊल टाकायचा नाही. कोणीतरी त्याला हसलं, तेव्हा तो काहीतरी बोलला.

"काय म्हणाला?"

"म्हणतोय, देव तिचा, चपला माझ्या."

लक्ष्मणराव उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. पापा बोर झाले, असं नचिकेतला वाटलं.

तुकोगंजच्या एका दवाखान्यात लक्ष्मणरावांनी जन्मभर एक्स-रे काढले. "इतक्या छात्या आतून बघितल्या, देव काही दिसला नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐकणारे हसत, आणि प्रेमलताबाई त्या दिवशी देवाला दोन फुलं जास्त वाहत. एरवी संसार बरा चालला होता. पंचाईत व्हायची ती चंपाषष्ठीला. होळकरांच्या फौजेतल्या पणजोबांपासून घरात खंडोबाची तळी होती. विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवलेलं ताट पाच पुरुषांनी हात लावून उचलायचं आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणायचं. वडील गेल्यावर लक्ष्मणरावांनी स्वच्छ सांगून टाकलं की मी यात नाही. मग प्रेमलताबाई गल्लीतून पाच जण गोळा करून आणत आणि नवरा शर्ट चढवून फिरायला निघून जाई. तत्त्वाचा माणूस! त्या दिवशी घरचा चहासुद्धा त्याला चालत नसे.

प्रेमलताबाईंच्या शेवटच्या चंपाषष्ठीला चारच जण आले. लक्ष्मणराव बाहेर पडत होते, त्यांच्या मागे त्या दारापर्यंत आल्या. आजाराने तोवर त्यांचा आवाज खोल गेला होता.

"आज तेवढा हात लावून द्या ना. बोलू नका काही. बस, हात."

"मानत नाही तर हात कसा लावू, लता? ते झूट होईल."

त्या वाद घालत बसल्या नाहीत. ताटावर रुमाल टाकला आणि आलेल्यांना वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी वाढली. पुढची चंपाषष्ठी त्यांनी पाहिली नाही.

सिनेमा संपल्यावर लक्ष्मणराव आत आले. "चंपाषष्ठी चार दिवसांवर आलीये. यंदा तळी करू," म्हणाले. नचिकेत आधी हसलाच. पण पापा खरोखरच कृष्णपुऱ्याकडच्या बाजारात जाऊन भंडारा घेऊन आले. वांगी भाजताना दोन जाळली. शेजारच्या बाबूरावांना आणि गल्लीतल्या आणखी दोघांना त्यांनी बोलावलं. चौथे ते स्वतः, आणि पाचवा हात त्यांनी मुलाचा गृहीत धरला होता. त्याला विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

चंपाषष्ठीला ताटाभोवती सगळे बसले.

"चार तर झाले," बाबूराव म्हणाले. "पाचवा घरातच आहे भिया. बुलवा त्याला."

नचिकेत आतल्या खोलीत होता. लक्ष्मणराव दारात जाऊन उभे राहिले.

"पापा, नाही यार."

"बोलू नको काही. बस, हात लाव."

"मानत नाही तर हात कसा लावू? तुम्हीच तर शिकवलं."

"अरे, तो तुझ्या पिक्चरमधला, चपलावाला..."

"त्याची बायको आत होती, पापा." नचिकेतचा आवाज खाली आला. "तुम्ही आता कोणासाठी उचलताय?"

पोरगा खरं बोलला होता, आणि खरंच बोलायला लक्ष्मणरावांनीच त्याला लहानपणापासून शिकवलं होतं. त्या दिवशी लताला दारात कसं वाटलं असेल, ते त्यांना आज कळलं. फार उशिरा कळलं. माफी मागावी तर मागायची कोणाकडे?

ते बाहेर आले. ताटावर रुमाल टाकला आणि सगळ्यांना भरीत-भाकरी वाढली. भरीत करपलं होतं.

"मस्त झालंय," बाबूराव खाली बघत म्हणाले आणि त्यांनी आणखी मागून घेतलं. नचिकेतही येऊन पंगतीला बसला.

मंडळी गेल्यावर नचिकेत भांडी घासायला घेऊन गेला. लक्ष्मणराव ताट जागेवर ठेवायला वाकले. एका हाताने सहज उचललं गेलं. पाच माणसं लागावीत असं वजन त्यात नव्हतंच. सुपारी सांडू नये म्हणून त्यांनी दुसराही हात लावला, आणि ताट धरून ते बराच वेळ तसेच उभे राहिले.