लाईट गेली समजून

भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागं माझा कापड विणायच्या लूमचा कारखाना व्हता. खाली लूम, वर आमचं घर. लूम चालू झाले का वरची भांडीसुद्धा नाचायची. आमाला त्याची सवय. लाईट गेली का सगळं थंड, तवा बायको, विनिता, जरा आडवी व्हायची. तिची खरी झोप तीच.

पोरगी रुचिका फिजिक्स शिकते. तिला थिसिससाठी एका लॅबमधी जागा मिळत व्हती. आभाळात लय लांब दोन मेलेले तारे एकमेकावर आदळले का त्याची लाट इथवर येते म्हणं. ती पकडणाऱ्या यंत्राजवळनं ट्रक गेला तरी घोटाळा. म्हणून जमिनीची थरथर वळखायची न बाजूला काढायची, हे तिचं काम. तिथल्या सरांनी सरावाला थरथर मोजायचं मशीन दिलं. आकडे सरांना पण थेट दिसायचे. मी म्हणलं, मंग भिवंडीपेक्षा चांगली जागा कुठली? ठेव आपल्या कारखान्यात.

एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडं आली. तोंड पांढरं पडलेलं. म्हणाली, लूमची थरथर वेगळी, रस्त्याची वेगळी, त्या दोन्ही कळतात. पण बिल्डिंगचा स्वतःचा एक झोका असतो, तो रोज मंद होतोय. म्हणजे खांब कमजोर होतायत. आता तो लूमच्या ठोक्याला जुळायला आलाय, जुळला का प्रत्येक ठोका बिल्डिंगला जास्तच हलवणार.

मी हसलो. तिनं मला हाताला धरून कोपऱ्यातल्या खांबाशी नेलं. हात लावला तर गिलावा हातात आला. मागं ही एवढी भेग, माझी बोटं आत गेली.

मी मेन स्विच खाली केला. एक कारीगर वरडला, सेठ, लाईट तो है. मी शिव्या घालत सगळ्यांना रस्त्यावर काढलं. बगतो तर विनिता न्हाय. हाका मारल्या, फोन लावला, कायच न्हाय. तवा डोक्यात उजेड पडला. लूम थांबले म्हणजे लाईट गेली समजून ती दार लावून झोपली असणार. मीच तिला झोपवलं व्हतं.

रुचिका आत धावली, तिला दंडाला धरून मागं वढलं न मी चढलो. कसा चढलो इचारू नका. डोक्यावर माती पडत व्हती, भिंतीत कायतरी करकरत व्हतं. इतकी वरसं राहिलो, लूमच्या आवाजात ते कधी ऐकूच आलं न्हाय. दार बडवलं.

"पडू द्या की जरा. आताच तर लाईट गेली."

"लाईट हाय. भायेर ये."

माझ्या आवाजात काय व्हतं कोण जाणे, ती चप्पल घालायला पण थांबली न्हाय. आमी रस्ता वलांडला न मागं धडाड झालं. कोपरा खाली बसला, भरलेली गोणी बसते तसा. मंग धूळच धूळ.

रुचिकाचा फोन वाजत व्हता. सर. आकडे एकदम बंद कसे झाले, इचारत व्हते. ती आईला घट्ट धरून बसली व्हती, सोडायला तयार न्हाय. मी फोन घेतला.

"सर, तुमचं मशीन गाडलं गेलं. माणसं सगळी वाचली. पोर घाबरलीय, मी पण घाबरलोय. थिसिसचं उद्या बोला."