गोलजाळीची गुलाबी फीत

होय मित्रांनो, ती बदनाम जाळी मीच. कॉलेजच्या मैदानावर, फाटकाजवळच्या गोलखांबांना बांधलेली. फुटबॉलचा अंतिम सामना माझ्यामुळे गेला, असं ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. आज मी बोलणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथल्या बायका घरच्या गप्पा मारत जाड पांढऱ्या दोरीच्या गाठी घालायच्या. पण गाठ अशी पक्की, की ओढणारा दमून जाईल. माझी एक जुळी बहीणही तिथेच विणली गेली. तिला मैदानाच्या पलीकडच्या टोकाला बांधलं, मला इकडे. पहिला गोल मी पोटाशी धरला तेव्हा झालेला जल्लोष अजून आठवतो. त्यातला थोडा माझ्यासाठीही आहे, असं मला वेडीला वाटलं होतं.

फाटकाजवळ राहणं काय असतं, ते माझ्या बहिणीला नाही कळायचं. येणारा-जाणारा माझ्यावर पिशवी अडकवी. कुणी घामट मोजे वाळत घाली, कुणी चक्क झोके घेई. शेवटी उजव्या खांबापाशी माझ्या गाठी सुटल्या आणि भलंमोठं भोक पडलं. दिसत सगळ्यांना होतं. बोलली एकटी मुंगी.

मुंगी म्हणजे आमच्या मुलींच्या संघातली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात चपळ खेळाडू. ती प्रशिक्षक सरांना म्हणाली, "सर, जाळी फाटलीय. चेंडू आरपार जाईल ना!"

"तू आधी गोल तर मार," सर म्हणाले, "मग जाळीचं बघू!"

सगळ्या खो खो हसल्या. मुंगीही हसली, पण तिचं तोंड एवढंसं झालं होतं. कारण इतरांना गोल करून देणाऱ्या या पोरीच्या स्वतःच्या नावावर एकही गोल नव्हता.

त्या वर्षी मुलींनी कमाल केली. एकामागून एक सामने जिंकत त्या अंतिम फेरीत पोचल्या, आणि तो सामनाही आपल्याच मैदानावर! मग कॉलेज जागं झालं. नवे गणवेश आले, प्राचार्यांच्या हसऱ्या फोटोचा फलक लागला. करंडक ठेवायला काचेचं कपाटसुद्धा बनवून घेतलं. आणि मला? मला हातभर दोरी मिळाली नाही हो! सामन्याच्या दिवशी सरांना माझी आठवण झाली, तेव्हा त्यांनी त्या कपाटाच्या उद्घाटनातून उरलेली गुलाबी फीत घेतली आणि भोकावर तिचं छान फूल बांधलं.

"हे काय?" तपासायला आलेल्या पंचांनी विचारलं.

"सजावट," सर म्हणाले.

पाहुणे ताटकळले होते. पंच पुढे गेले. मला मात्र संताप आवरेना. दुखणं माझं आणि त्याला यांनी रिबीन बांधली!

उत्तरार्धात मुंगी चेंडू घेऊन सुसाट निघाली आणि तिने जमिनीलगत फटका हाणला. चेंडू खांबाच्या आतून थेट त्या फितीवर आला. मी जीव तोडून धरायला गेले, पण धरू कशानं? फीत सुटली आणि चेंडू माझ्यामागे गवतात जाऊन पडला.

"आतून गेला! आईशप्पथ, आतून गेला!" मुंगी भोक दाखवत ओरडत होती.

पंचांच्या समोर खेळाडूंची गर्दी होती. ते म्हणाले, "आतून गेला की बाहेरून, मला दिसलं नाही. न पाहिलेला गोल कसा देऊ?"

सर आपल्या बुटांकडे बघत राहिले. थोड्या वेळाने समोरच्या संघाने पलीकडे गोल केला. माझ्या धडधाकट बहिणीने तो इमानाने धरला. आम्ही हरलो.

"त्या जाळीनं घात केला!" सर मुलींना म्हणाले.

मी? घात मी केला?

मुंगी उठली. गाल ओले होते, ते तिने पुसलेही नाहीत. गवतातली फीत उचलून तिने सरांच्या हातात ठेवली.

"सर, गोल मारला. आता जाळीचं बघा."



ते काचेचं कपाट अजून रिकामं आहे. म्हणे रोज पुसतात. मित्रांनो, करंडक ठेवायची जागा चकाचक, आणि ज्यात गोल पडायचा ती मी फाटकी? मला कौतुक नको, फुलं तर नकोतच. हातभर दोरी घेऊन या. मुंगीचा पुढचा गोल मला माझ्या हातून निसटू द्यायचा नाही.