ऐंशी नंबरचं दार

उपासनाने अकराव्यांदा सर्व्हर सुरू केला आणि अकराव्यांदा तो दोन सेकंदांत आडवा झाला. २००७ च्या मार्चमधली शुक्रवारची सकाळ होती. नवरा प्रितम ऑफिसला गेला होता आणि अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगच्या त्या लहानशा अपार्टमेंटमध्ये तिच्याजवळ फक्त उद्यापर्यंतचा वेळ होता.

त्याचं असं झालं होतं. चौदा एप्रिलच्या आंबेडकर जयंतीची नावनोंदणी इथल्या मंडळाच्या वेबसाइटवर व्हायची. गेल्या वर्षी विक्रम नावाच्या उत्साही गृहस्थाने ऐन जयंतीच्या आठवड्यात चालू साइटवरच दुरुस्ती आरंभली आणि दोनशे नावं गायब झाली. जेवण तरीही पुरून उरलं, कारण आपल्या लोकांनी नेहमीप्रमाणे न विचारता डबे आणले होते. पण अध्यक्ष धर्मराजकाका तेव्हापासून साइटचं नाव काढलं की कपाळाला हात लावत. यंदा काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. तेव्हा उपासना मीटिंगमध्ये उठून म्हणाली, की अख्खी साइट मी आधी घरच्या कॉम्प्युटरवर उभी करते. जे मोडायचं ते तिथेच मोडेल. काकांनी शनिवारपर्यंतची मुदत दिली.

नागपुरात ती तीन वर्षं प्रोग्रामर होती. इथे आली ती प्रितमच्या व्हिसाला जोडून, आणि त्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. चार वर्षं कुणी विचारलं की ती "घरीच असते" म्हणायची आणि विषय बदलायची. आपल्याला हे अजून येतं का, याची तिला मनातून धास्ती होती. खरं तर काकांपेक्षा तिलाच उत्तर हवं होतं.

डेटाबेस बसला होता, साइटच्या फायली उतरवून झाल्या होत्या. फक्त ती साइट चालवणारा सर्व्हर प्रोग्राम उभा राहायला तयार नव्हता. शेवटी तिने चिडणं सोडलं आणि तो काय सांगतोय ते नीट वाचलं. ऐंशी नंबरचं दार, ज्यातून साइटची पानं ये-जा करतात, ते आधीच कुणीतरी अडवून बसलं होतं. कोण ते शोधायला पंधरा मिनिटं लागली, आणि मग ती एकटीच खो-खो हसत सुटली. दारात आई बसली होती.

आई, म्हणजे रमाबाई, नागपूरहून रोज रात्री नऊला, म्हणजे इथे सकाळी साडेदहाला, कॉम्प्युटरवरून बोलायच्या. त्यांचा कॉल चुकू नये म्हणून प्रितमने तो बोलण्याचा प्रोग्राम असा लावून दिला होता, की कॉम्प्युटर उघडला की सगळ्यांच्या आधी तो हे दार पकडायचा. उपासनाने तो बंद केला, सर्व्हर सुरू केला आणि पान उघडलं. निळी पट्टी, बाबासाहेबांचा फोटो, खाली नोंदणीचा फॉर्म. अख्खं मंडळ तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं होतं. ती आनंदाने उठून टेबलाभोवती दोन चकरा मारून आली. मग तिने चाळीस खोटे पाहुणे बोलावले, पुसले, चुका काढल्या, आणि घड्याळाकडे बघायचं साफ विसरली.

साडेअकराला दारावर थाप पडली. बाहेर धर्मराजकाका, धापा टाकत, पायात घरातल्या सपाता. रमाबाईंचा कॉल लागत नव्हता. उपासनाचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला, प्रितमचा मीटिंगमुळे बंद. दोन वर्षांत मुलगी साडेदहाला भेटली नाही असं पहिल्यांदाच घडलं होतं, म्हणून रमाबाईंनी उपासनाने अडीअडचणीसाठी दिलेला काकांचा नंबर फिरवला होता.

"पोरी, बरी आहेस नं तू?" काकांनी विचारलं.

ती इतकी बरी होती की आईला फोन करायच्या आधी तिने काकांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. काकांनी स्वतःचं नाव नोंदवलं. मग मंडळाची खरी साइट उघडून पाहिली. तिथे त्या नावाचा मागमूस नव्हता.

"म्हणजे तिकडे काहीच धक्का नाही?"

"नाही काका. इथे तुम्ही काय वाट्टेल ते मोडा."

निवृत्त माणसाला अशी परवानगी क्वचित मिळते. काकांनी फोन नंबरच्या जागी पत्ता लिहिला, पाहुण्यांची संख्या उणे सात टाकली. प्रत्येक वेळी पानाने त्यांना अदबीने अडवलं. ते लहान मुलासारखे खूश झाले.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. रमाबाईच होत्या. आवाज रडवेला होता, तो उपासनालाही ऐकू आला. तिने ओशाळून हात पुढे केला, पण काकांनी फोन दिला नाही. ते स्क्रीनकडे बघत म्हणाले,

"ताई, पोरगी ठणठणीत आहे. कामावर आहे ती. जेवणाच्या सुट्टीत करेल तुम्हाला फोन."

उपासनाने पुढे केलेला हात मागे घेतला, त्याच हाताने डोळे पुसले आणि तो पुन्हा कीबोर्डवर ठेवला.